न उजळणारा हात

सरांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. कामावर रुजू झाले त्याच दुपारी त्यांनी माझ्या हातात एक रबरी चेंडू दिला, यंत्रात झोपवलं, चेंडू दाबायला लावला, माझ्या कोपराखालच्या हाताचे फोटो काढले आणि आपल्या लाल वहीत लिहिलं, 'अकरा'. तेव्हापासून मी अकरा नंबर. "अकरा नंबर, पुढचा पेशंट घ्या." "अकरा नंबर, डबा खाल्ला का?" माझ्या लग्नाला आले तेव्हा नवऱ्याच्या डोक्यावर अक्षता टाकून म्हणाले, "तुमच्या बायकोचा हात मी आतून बघितलेला हाय. झकास हाय." नवरा पुढे आठवडाभर मला विचारत होता, म्हणजे नेमकं काय?

नांदेडात स्टेशनकडच्या रस्त्यावर आमचं एम.आर.आय. केंद्र होतं. एका भल्यामोठ्या लोहचुंबकाच्या पोकळीत माणूस निजवायचा, ते यंत्र अर्धा-पाऊण तास ठकठक करतं आणि शरीराच्या आतले फोटो काढतं. मी हदगावची, एस.टी.तल्या कंडक्टरची मुलगी. यंत्र मी चालवायची आणि आलेले फोटो सर वाचायचे. त्या लोहचुंबकाची सरांना इतकी सवय झाली होती की घरीदारीसुद्धा ते अंगावर लोखंड ठेवत नसत. पँटला पट्टा नाही, नाडी. घड्याळ नाही. चपलेला खिळा नाही, चांभाराकडून शिवून घेतलेली. वेळ बघायची झाली की समोरच्या माणसाचं मनगट धरून त्याचंच घड्याळ बघायचे, आणि तेवढ्यात बोटांनी त्याचं मनगटही चाचपून घ्यायचे. यंत्राची खोली थंडगार ठेवावी लागते, म्हणून ऐन मे महिन्यात डोक्याला माकडटोपी. बाहेर बेचाळीस अंशांत नांदेड भाजून निघायचं आणि आमचे सर माकडटोपी घालून फाटकाशी उभे.

फाटकाशी उभे राहायचे ते माणसं कशी चालतात ते बघायला. पेशंट रिक्षातून उतरला की त्याचे कागद बघायच्या आधी त्याचं चालणं बघायचं. "कागदावर काय बी लिहून आणतात. पाय लिहून आणता येत न्हाई." इतवाऱ्यातले एक म्हातारे शिंपी यायचे, त्यांच्याशी सर दखनी उर्दूत बोलायचे, "चच्चा, जरा वो झाड तक चलके दिखाओ." चच्चा झाडापर्यंत जायचे, वळायचे, सलाम ठोकायचे. हे तीस-चाळीस वेळा तरी झालं असेल. चच्चांना कसलाच आजार नव्हता. ते फक्त चहा प्यायला यायचे.

सर विक्षिप्त होते असं सगळे म्हणत. मीही म्हणायची. पण एक आठवण अशी आहे की ती सांगताना माझा आवाज बदलतो. गुरुद्वाऱ्यातले एक वृद्ध शीख गृहस्थ पाठीच्या तपासणीला आले होते. गळ्यात कृपाण. आत लोखंड नेता येत नाही, आणि कृपाण ते कधी अंगावेगळी करत नव्हते. म्हाताऱ्यांचा चेहरा कसनुसा झाला. सरांनी हात-पाय धुतले, टोपीवरूनच डोक्याला पांढरा रुमाल बांधला, दोन्ही तळव्यांवर धुतलेलं कापड पसरलं आणि म्हणाले, "बाबाजी, तुम्ही बाहेर येईस्तोवर ही माझ्या हातावर राहील. खाली ठेवणार न्हाई." आणि पन्नास मिनिटं ते तसेच उभे राहिले. केंद्राचा मालक येऊन म्हणाला, अहो, टेबलावर ठेवा की. सर म्हणाले, "शब्द दिलाय." फोन वाजला, घेतला नाही. नाकावर माशी बसली, ती मी उडवली.

आता चेंडूचं सांगते.

आमच्याकडे येणारे बहुतेक सगळे पाठीचा मणका, गुडघा नाहीतर डोकं दाखवायला येत. सरांना वेड होतं ते मांसाचं. पोटरी, मांडी, दंडातली बेटकुळी, कोपराखालचा हात. पुस्तकात ज्याला स्नायू म्हणतात ते. याचं कारण मला कितीतरी उशिरा कळलं. भूकंप झाला तेव्हा सर नुकतेच डॉक्टर झालेले, आणि त्यांना लातूरकडच्या एका तंबूत एक्स-रे काढायला पाठवलं होतं. ढिगाऱ्याखालून काढलेली माणसं यायची. त्यातल्या काहींचं एकही हाड मोडलेलं नसायचं. सर घरच्यांना सांगायचे, "काळजी करू नका, हाडं शाबूत हायत." आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीच माणसं जायची. लघवी काळी व्हायची, आणि जायची. दगडाखाली मांस चेचलं गेलेलं असायचं. त्यातून निघालेलं विष मूत्रपिंडं बंद पाडायचं. "एक्स-रेत मांस दिसतच न्हाई हो, अकरा नंबर. मी तिथं उभा राहून लोकांना हाडं दाखवून राहिलो होतो." एवढंच ते एकदा बोलले, आणि चहा तसाच ठेवून उठले.

पुढे त्यांनी कुठंतरी वाचलं की निरोगी माणसानं हात दाबून दाबून दमवला की त्या मांसात पाणी येतं, आणि एम.आर.आय.च्या फोटोत ते पांढरं, उजळ दिसतं. चेंडू दाबण्याआधी काळा दिसणारा हात दाबल्यावर उजळतो. पण काही घराण्यांत एक आजार असतो. त्या माणसांच्या मांसात साखरेचा साठा असतो, पण तो मोडून वापरायची कळ जन्मापासूनच नसते. असा माणूस बसल्या जागी धडधाकट दिसतो, जोर लावला की त्याचं मांस आखडून दगड होतं. त्याचा हात कितीही दाबला तरी फोटोत उजळत नाही. सरांना असा हात शोधायचा होता. का? तर अशा माणसांना सगळे आयुष्यभर आळशी, ढोंगी, भित्रे म्हणतात आणि त्यांच्याकडे दाखवायला काहीच नसतं.

त्यासाठी आधी निरोगी हात जमवायचे होते. दुपारी एक ते अडीच जेवणाची सुट्टी, तेवढ्यात सर हात गोळा करायचे. मोंढ्यातला हमाल, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला क्रिकेट खेळणारा पोरगा, शिंपी चच्चा, भाकरी थापणारी मावशी, मालकाचा ड्रायव्हर. प्रत्येकाला आधी कागद वाचून दाखवायचे, समजलं का विचारायचे, सही किंवा अंगठा घ्यायचे, मगच चेंडू. सहा वर्षांत एक्केचाळीस हात झाले. एक्केचाळीसही उजळले. गावातले इतर डॉक्टर हसायचे. "काय सर, आज कुणाचा दिवा लागला?" सर म्हणायचे, "लागला ना. रोज लागतो. ज्या दिवशी लागणार न्हाई त्या दिवशी तुम्हाला पेढे देतो."

बेचाळिसावा हात लातूरहून आला.

सोनाली तिचं नाव. गाव हिमायतनगरकडचं, वडील झेडपी शाळेत मास्तर. दहावीला केंद्रात पहिली आली म्हणून लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला घातलेली. तेव्हा सगळा मराठवाडा लातूरला लोटला होता. एकेका गल्लीत पाच-पाच क्लास, एकेका खोलीत दोनदोनशे पोरं. हिचा क्लास तिसऱ्या मजल्यावर होता, आणि हिला जिना चढता येत नव्हता. पहिल्या वळणावरच पोटऱ्या आखडायच्या. मागून पोरांची रांग ढकलत यायची आणि ही कठडा धरून रडायची. क्लासच्या सरांनी घरी फोन केला, "मुलगी हुशार आहे पण नाटकी आहे. अभ्यास नको असला की पाय दुखतात." तीन डॉक्टर झाले. मणक्याचा फोटो काढा म्हणून तिसऱ्यानं आमच्याकडे पाठवलेलं.

सर फाटकाशी उभे होतेच. मुलगी रिक्षातून उतरली, चार पायऱ्या चढली, थांबली. सरांनी टोपी काढली. पहिल्यांदाच मी त्यांना कामाच्या वेळात टोपी काढताना पाहिलं.

"बाळ, इथं बस. जिना चढताना काय होतं ते मला सांग. वडिलांना नको सांगू दे, तू सांग."

"पाय दगड होतात, सर."

"आणि सपाट रस्त्यावर?"

"सुरुवातीला तसंच. पण हळूहळू चालत राहिलं ना, की दहा मिनिटांनी काही वाटत नाही. मग मी मैत्रिणींच्या पुढं जाते. म्हणून तर त्या म्हणतात मी सोंग करते."

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे असे झाले होते, जसे हरवलेलं माणूस गर्दीत दिसल्यावर होतात. पण आवाज अगदी हळू. "अकरा नंबर, हिला आत न्या, आणि लघवीचं विचारा."

आत तिनं मला सांगितलं. शाळेत धावण्याची शर्यत झाली होती, दुसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली. आईला सुद्धा सांगितलं नव्हतं, भीतीनं.

मी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा सर मास्तरांना विचारत होते, "बायको नात्यातली का?"

"हाव. माझ्या मामाचीच लेक."

"तिच्या माहेरी असं कुणाला?"

मास्तर घुटमळले. "हिच्या धाकट्या मामाला हाय थोडं तसंच. पण त्याचं येगळं हाय, सर. त्याला भूकंपानं भित्रं केलं."

 सरांनी सोनालीकडून चेंडू फार दाबून घेतला नाही. "दुखायला लागलं की लगेच सोड," असं चारदा बजावलं. दाबण्याआधीचे फोटो, दाबल्यानंतरचे फोटो. मी पडद्यावर शेजारी शेजारी लावले. दोन्ही सारखेच. काळ्यावर काळं. सरांनी माझ्याकडे न बघताच चेंडू माझ्यापुढे केला. "जा. त्याच टेबलावर. आत्ताच्या आत्ता." मी आत झोपले, दाबला. माझा हात दिवाळीसारखा पेटला. म्हणजे यंत्र बरोबर होतं.

सर खुर्चीत बसले आणि लहान पोरासारखे रडले. मग उठून तोंड धुतलं आणि मुलीला म्हणाले, "तुझ्या अंगात साखरेचं कोठार भरलेलं हाय, आणि त्याची चावी घेऊन तू जलमली न्हाईस. तू नाटकी न्हाईस. हे बघ, हा फोटो नाटक करत न्हाई."

ती फोटोकडे बघतच राहिली. तिला त्यातलं काय कळलं असेल कोण जाणे. पण तिनं विचारलं, "याची एक कॉपी मिळेल का? क्लासमध्ये दाखवायला."

पुढे हैदराबादला मांसाचा बारीक तुकडा पाठवून खात्री झाली. आजार बरा होणारा नव्हता, पण ओळखीचा झाला होता, आणि ओळखीच्याशी जमवून घेता येतं. पहिली दहा मिनिटं हळू. जिना चढायच्या आधी थोडी साखर. जड काही उचलायचं नाही. लघवी काळी दिसली की त्याच दिवशी दवाखाना. सर स्वतः लातूरला जाऊन क्लासच्या सरांना भेटले. तो माणूस वाईट नव्हता. फोटो बघून खाली मान घालून म्हणाला, "तिची बॅच खाली घेतो." सोनालीच नको म्हणाली. "मी पंधरा मिनिटं आधी येईन, सर." आणि दोन वर्षं ती रोज सगळ्यांच्या आधी, रिकाम्या जिन्यानं, एकेक पायरी चढत तिसऱ्या मजल्यावर जाऊन पहिल्या बाकावर बसली. आज ती डॉक्टर आहे, लातुरातच. सरांचा लेख पुढे छापून आला, परदेशातून पत्रं आली. लेखाखाली सरांनी माझं नाव टाकलं होतं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. माझ्या वडिलांनी ते पान हदगावच्या बसस्थानकावर सगळ्यांना दाखवलं. हसणाऱ्या डॉक्टरांना सरांनी पेढ्याचे पुडे पाठवले, न चुकता.

पण मला सांगायचंय ते मामाचं.

तिचा आजार कळल्यावर महिन्याभरात सोनालीनंच त्याला आणलं. ज्ञानोबा. चाळिशीचा, उंच, देखणा माणूस, पण खांदे पाडून बसायचा, आणि बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघायचा. औसा तालुक्यातलं गाव. ते जुनं गाव भूकंपात गेलं, आता नव्या जागेवर सरकारी घरांच्या ओळी आहेत. सरांनी त्याचाही फोटो काढला. हात उजळला नाही. पाठीच्या मांसात तर जागोजागी चरबी भरली होती. इतकी वर्षं शेतात राबून मांस झिजलं होतं, त्याच्या जागी ती आली होती.

सर समजावून सांगत होते, ते त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "डॉक्टरसाहेब, त्या सकाळी बी असंच होतं का मला?"

"कोणत्या सकाळी?"

त्यानं सांगितलं. आवाज न चढवता, पायांकडे बघत. भूकंप झाला तेव्हा त्याचा थोरला भाऊ, अण्णा, मळ्यात होता. घरात वहिनी. घर बसलं. ज्ञानोबा ओसरीत झोपलेला, तो वाचला. उजाडत होतं. दगडांतून वहिनीचा हात दिसत होता, बांगड्यांसकट. ती हाक मारत होती. तो दगड उपसायला लागला. "लई उपसले, साहेब. मग बोटं मिटली. उघडंनात. दातानं उघडली, परत मिटली. कोपरानं दगड ढकलाया बघितलं. मग दंड बी आखडले." गावात ज्याचं-त्याचं घर पडलेलं, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. अण्णा मळ्यातून पळत आला तेव्हा हा लिंबाखाली बसला होता, दोन्ही मुठी छातीशी धरून. अण्णानं एकट्यानं दगड काढले. वहिनी गेली होती.

"अण्णा तवापासून माझ्याशी बोलला न्हाई. पंधरा वर्सं झाली. लोकं म्हणतात, भ्याला अन् बसून राहिला. मला बी वाटायचं, भ्यालोच असेन. माझेच हात माझं ऐकंनात, मग दुसरं काय म्हणायचं?"

मी यंत्राकडे तोंड करून उभी राहिले. सर त्याच्या समोर खाली फरशीवर बसले, म्हणजे त्याला त्यांचा चेहरा दिसावा म्हणून.

"ज्ञानोबाराव, तुमच्या वहिनी वाचल्या असत्या का, हे मला ठाऊक न्हाई. ते कुठल्याच फोटोत येत न्हाई. पण तुम्ही भ्याला न्हाईत. तुमच्या हातात जेवढं बळ होतं तेवढं सगळं तुम्ही त्या दगडांवर घातलं. ते संपलं. जलमापासूनच तेवढं दिलेलं."

मग ते उठले आणि म्हणाले, "मला तुमच्या घरातला एक चांगला हात पाहिजे. सख्ख्या भावाचा."

"तो यायचा न्हाई."

"विचारून तर बघू."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. सर, मी आणि सोनाली. अण्णा दारातच बाजेवर बसले होते. पांढऱ्या मिशा, अंगावर बंडी. सोनाली त्यांचीही भाची. तिला जवळ घेतलं, आम्हाला पाणी दिलं. आम्ही कशासाठी आलो ते कळल्यावर मात्र चेहरा मिटला.

"हाताचं सोंग मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मुठी वळून बसला होता. फोटोत काय दिसायचंय?"

मला वाटलं सर समजूत घालतील. ते म्हणाले, "मी तुम्हाला त्याला माफ करा म्हणून सांगायला आलो न्हाई. ते तुमचं तुम्ही बघा. मला तुमचा हात पाहिजे, दोन तास. चेंडू दाबायचा. तुमचा उजळला आणि त्याचा न्हाई उजळला, तर मी खरा. दोन्ही सारखे निघाले, तर मी खोटा. मग मी हा नाद सोडला. सहा वर्सं घातलीत मी ह्यात."

"आन् माझ्या बायकोचं?"

सरांनी हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या परत येणार न्हाईत. तुमच्याकडं अजून एक माणूस हाय, तेवढं बघून घ्या."

 शेजारच्या घरातून बाया डोकावत होत्या. अण्णांनी उठून सदरा घातला. "येतो. पण त्याला खोटा पाडायला येतो, हे ध्यानात ठेवा."

नांदेडला ते ज्ञानोबापासून दोन बाकं सोडून बसले. कंबरेची किल्ली काढून दिली, खिशातला अडकित्ता दिला. आत निजले, चेंडू दाबला, दात खाऊन दाबला. पंचावन्नच्या घरातला हात, पण फोटो आले तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत लख्ख. मी त्यांना पडद्यापाशी आणलं. "हा तुमचा हात, अण्णा. आधी असा, आणि दाबल्यावर असा." त्यांनी मान हलवली. शेतकरी माणूस, पाणी आलेलं रान आणि कोरडं रान त्याला लांबून ओळखता येतं.

"आता त्याचा घ्या. माझ्यासमोर घ्या."

ज्ञानोबा आत गेला. आम्ही काचेच्या अलीकडे, अण्णा माझ्या शेजारी उभे. तो दाबायला लागला. थोड्याच वेळात सर माइकमधून म्हणाले, "बस, सोडा आता." त्यानं सोडला नाही. "ज्ञानोबाराव, सोडा! पुरे झालं!" तो दाबतच राहिला. भाऊ बघत होता ना. पंधरा वर्षांनी भाऊ बघत होता. काचेतून त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण पाय ताठ झालेले दिसले. मग चेंडू हातातून निसटून फरशीवर गेला, आणि मूठ तशीच राहिली. वळलेली, पांढरी पडलेली. उघडेना.

सर माइकवर वाकले. "हलू नका. दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं."

यंत्र ठकठक करत राहिलं. फोटो आले. मी अण्णांच्या लख्ख हाताशेजारी तो लावला. काळा. कुठंही, एका रेघेइतकाही उजेड नाही.

अण्णांनी पडद्याकडे बघितलं, आणि काचेतून त्या मुठीकडे. परत पडद्याकडे. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं ते काही विचारतील. त्यांनी एवढंच विचारलं, "आत गेलं तर चालतं का?"

मी दार उघडलं. ते टेबलापाशी गेले, ती मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली, आणि एकेक बोट हळूहळू, रागावलेल्या लेकराचं उघडावं तसं, उघडायला लागले. बोट उघडायचं, परत मिटायचं. ते परत उघडायचे.

"ज्ञानू," ते म्हणाले. "दुखतंय का रे?"

 ज्ञानोबा मान हलवून हो म्हणाला.

"त्या दिवशी बी असंच दुखत होतं?"

"हाव."

"मग बोलला का न्हाईस मला?"

"तू विचारलं न्हाईस, अण्णा."

अण्णांनी कपाळ त्या मुठीवर टेकवलं.

सरांनी माझ्या खांद्याला हात लावला, माइकचं बटण बंद केलं आणि मला बाहेर घेऊन आले. दार आमच्या मागे लावून घेतलं. बाहेर पेशंट ताटकळलेले, आणि मालक तावातावानं येत होता. यंत्राचा आवाज थांबून दहा मिनिटं झाली होती. "सर, मशीन बंद का? आत काय चाललंय?"

सर दाराला पाठ लावून उभे राहिले. डोळे पुसायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं, आणि तोंडभर हसत होते.

"तपासणी चालू हाय," ते म्हणाले. "आज कुणी मधे बोलायचं न्हाई."